अक्का येऊन बसायच्या

अक्कांची आणि माझी ओळख त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतानं करून दिली. पुण्याहून हैदराबादला नोकरीसाठी आलो, चिक्कडपल्लीतल्या एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला लागलो, आणि दोनच महिन्यांत आमच्या बाथरूममधला कुठला तरी पाइप फुटला. त्याचं पाणी खालच्या घरात, अक्कांच्या ओट्यावर ठिबकायला लागलं. पहिल्यांदा त्या सांगायला आल्या तेव्हा मी अगदी मनापासून म्हणालो, "उद्याच माणूस बोलावतो." तो उद्या सहा आठवडे लांबला.

त्या सहा आठवड्यांत मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. जिन्यात त्या दिसल्या की मी फोन कानाला लावायचो आणि पलीकडे कुणी नसताना "हो सर, पाठवतो सर" असं बोलत उतरायचो. माझी बायको मृणाल विचारायची, प्लंबरचं काय झालं? मी म्हणायचो, बोललोय त्याच्याशी.

मग एका रविवारी सकाळी दहाला दार वाजलं. दारात अक्का. सत्तरीच्या, ठेंगण्या, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हातात सूप आणि सुपात चिंच. आता भांडण होणार म्हणून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागलो. त्या आत आल्या, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि सूप मांडीवर घेऊन चिंचेतले चिंचोके काढायला लागल्या.

"प्लंबरला फोन कर," त्या म्हणाल्या. "मी बसलेय इथं."

"करतो ना अक्का. दुपारी निवांत..."

"दुपारी नक्को. मला एक सांग, फोन करायला कशाची भीती वाटायलीय तुला?"

मी हसलो. चौतीस वर्षांचा माणूस प्लंबरला कशाला भिईल? पण त्या हसल्या नाहीत. मान खाली, बोटं चिंचेत. त्या शांततेत माझ्या तोंडून खरं निघून गेलं. मी त्याला दोनदा बोलावलं होतं. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी घरी नव्हतो. दुसऱ्यांदा मी घरीच होतो, मीटिंगमध्ये होतो, आणि बेल ऐकूनही उठलो नव्हतो. आता फोन केला तर तो चिडणार.

"चिडून काय करेल?"

"शिव्या देईल."

"देऊ दे की. तेलुगूत देईल. तुला कुठं कळायल्यात?"

मी फोन हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "आत्ता फोन करू नक्को. नुसता नंबर काढून समोर ठेव."

मी नंबर काढला. तो समोर दिसत असताना दोन मिनिटं नुसता बसून राहणं फार अवघड असतं. मी फोन लावला. प्लंबरनं शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "सार, ई रोजु इंट्लो उंटारा?" आज तरी घरी असाल ना? दीड वाजेपर्यंत काम झालं. अक्का शेवटपर्यंत बसून होत्या. उठताना म्हणाल्या, "छताला रंग पावसाळा संपल्यावर देऊ. ओल सुकायला पाहिजे." सहा आठवड्यांबद्दल एक शब्द नाही.

पुढं कळलं की असं बसायला त्या सगळ्या इमारतीत जायच्या. कुणाचं काही अडून राहिलंय असं कानावर आलं की त्या आपलं सूप नाहीतर ताट घेऊन निघायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला चिंच, एरवी लसूण, कधी निवडायचे तांदूळ. तिसऱ्या मजल्यावर राज्यलक्ष्मी गारू, म्हणजे राज्यलक्ष्मीबाई, राहायच्या, एका कॉलेजात शिकवायच्या. त्यांच्याकडे परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या की गठ्ठे तसेच पडून राहायचे आणि त्या मात्र घरातले पडदे धुवायला काढायच्या. पडदे वाळत घातलेले दिसले की अक्का वर जायच्या. बोलणं काही नाही. एक तेलुगू बाई टेबलाशी, एक मराठी बाई दाराशी. दोन तासांनी अक्का सोललेला लसूण घेऊन खाली यायच्या आणि म्हणायच्या, "चाळीस पेपर झाले तिचे."

त्यांचं पूर्ण नाव शकुंतला उमरीकर. घराणं मूळचं मराठवाड्याचं, पण वडील निजामाच्या काळात हैदराबादला नोकरीला आले ते इथलेच झाले. अक्कांचा जन्म हैदराबादचा, शाळा इथल्या मराठी माध्यमाची, आणि मराठी ऐकावी तर अशी, की पुण्याच्या माणसाला आधी हसू यावं आणि मग तीच गोड लागावी. 'हौ', 'नक्को', 'जरा ठैर' असले शब्द तर वाक्यावाक्याला. मी एकदा म्हणालो, "अक्का, ते नंतर करतो." तर म्हणाल्या, "हे बघ, हैदराबादेत माणूस 'परसों' म्हणाला की ते मागचं काहीही असतंय. परवाचं असंल, नाहीतर दहा वर्षांमागचं. तुझं 'नंतर' तसलंच आहे, फक्त पुढच्या बाजूला."

लग्न केलं नव्हतं. आईला शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळलं. सरकारी कचेरीत अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवर तीस वर्षं काढली होती. उपदेश करायचा त्यांना कंटाळा होता. आळशी हा शब्द तर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. आणि एक प्रश्न त्या कधीच विचारायच्या नाहीत, इतके दिवस का केलं नाहीस? तो प्रश्न त्या का टाळतात हे मला बेगम बाजारातून परतताना कळलं.

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या वर्षाची चिंच आणि मिरची घ्यायला बेगम बाजारात जायच्या. ओझं उचलायला मी जायचो. गोविंदभाई नावाच्या दुकानदाराकडे त्यांचं जुनं जाणं-येणं होतं. दुकान दोघा भावांचं. धाकटा भाऊ मागच्या खोलीत माल निवडायचा, तिथंच जेवायचा, दुपारी तिथंच पोत्यावर पडायचा. एका दुपारी तो तिथंच वारला. गोविंदभाईंनी खोलीला कुलूप घातलं ते वर्ष होत आलं तरी उघडलं नव्हतं. आत मालाला कीड लागली होती, शेजारचे दुकानदार वासाची तक्रार करत होते. गोविंदभाई रोज म्हणायचे, कल खोलता.

अक्का दुकानातल्या पोत्यावर बसल्या. कुलूप दिसेल अशा.

"नहीं होता मेरेसे, अक्का," गोविंदभाई म्हणाले.

"खोलो नक्को," अक्का म्हणाल्या. "खाली चाबी लगाको देखो." नुसती किल्ली लावून बघा.

त्या दिवशी त्यांनी किल्ली कुलपात घातली, फिरवली नाही, काढून खिशात ठेवली. अक्का म्हणाल्या, "हौ, बस आज इतनाच." आम्ही परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. त्या दिवशी कुलूप निघालं, दार लोटलं गेलं, आणि गोविंदभाई उंबऱ्यावर बसून राहिले. तिसऱ्या खेपेला ते आत गेले. आत खुंटीवर भावाचा सदरा होता. तो त्यांनी काढला, तोंडाशी धरला आणि मोठ्यानं रडले. मी बाहेर कावराबावरा होऊन उभा. अक्का मान खाली घालून मिरच्यांची देठं खुडत होत्या.

परतताना ऑटोत मी विचारलं, "अक्का, तुम्ही त्यांच्याकडं एकदाही बघितलं नाहीत?"

"बघितलं असतं तर तो उठून बाहेर आला असता," त्या म्हणाल्या.

मग थोडा वेळ गेल्यावर, ऑटोच्या घरघरीत ऐकू येईल न येईल अशा आवाजात त्यांनी खिडकीवरच्या एका माणसाची हकिगत सांगितली. मुलीला सरकारी वसतिगृहात जागा मिळावी म्हणून अर्ज करायची मुदत संपली, आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस अर्ज घेऊन आला. अर्जावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची. सुंदर अक्षरात सगळं भरलेलं. अक्कांनी तारीख बघितली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोन महिने झोपला होतात का?" रांग हसली. तो मागं फिरला. अर्ज खिडकीतच ठेवून गेला. तो गेल्यावर अक्कांनी कागद उलटला. मागच्या बाजूला 'आई हयात / मयत' यातलं एक खोडायचं होतं. तेवढीच एक ओळ कोरी होती.

"मी पळत गेले जिन्यापर्यंत. नव्हता." मग म्हणाल्या, "त्याला दोन महिने एक रेघ ओढवली नाही. आणि मी विचारलं झोपला होतात का."



अशी तीन वर्षं गेली. मुलीच्या शाळेचे फॉर्म, आयकराचे कागद, वडिलांच्या रिपोर्टवर पुण्याच्या डॉक्टरांशी करायचं बोलणं, माझी कितीतरी कामं अक्का दाराशी बसल्या म्हणून झाली. मी सुधारलो असं म्हणवत नाही. पण काम पुढं ढकललं की ते मोठं होत नसतं, आपल्याला त्याची वाटणारी शरम मोठी होत असते, आणि मग त्या शरमेपायी आपण ते आणखी ढकलतो, एवढं मला त्यांच्यामुळं कळलं. कळणं आणि वागणं यात किती अंतर असतं ते पुढं सांगतो.

दिवाळीनंतरचा एक शनिवार होता. संध्याकाळी अक्का वर आल्या. हातात सूप नव्हतं, ताट नव्हतं. मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, त्या एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं दाबत होत्या.

"एक काम होतं," त्या म्हणाल्या. "तू येशील का बसायला? माझ्यासाठी."

त्यांना एक धाकटी बहीण आहे हे मला तेव्हा प्रथम कळलं. नाव कुमुद. राहायला गौलीगुड्याला, बसस्टँडजवळ. आमच्या घरापासून ऑटोनं पंधरा-वीस मिनिटं. आणि दोघी अकरा वर्षं बोलल्या नव्हत्या. आई शेवटची आजारी पडली तेव्हा अक्का पहिल्या दिवशी म्हणाल्या, कुमूला सकाळी कळवू, तोवर उतार पडेल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या. कळवलं म्हणजे आई जाणार हे कबूल केल्यासारखं होतं, म्हणून कळवणं होत नव्हतं. तिसऱ्या पहाटे आई गेली. कुमुद आली ती आईला उचलायच्या वेळी. सगळ्यांदेखत म्हणाली, "तू मला आई भेटू दिली नाहीस." आणि अक्का म्हणाल्या, "चौदा वर्षं मी एकटीनं केलं तेव्हा कुठं होतीस?"

"माझंच चुकलं होतं," अक्का मला म्हणाल्या. "म्हणून जास्त मोठ्यानं बोलले."

आता त्यांनी धीर करून कुमुदच्या सुनेला फोन केला होता. उद्या येते म्हणून सांगितलं होतं.

"तुला काही बोलायचं नाही. तू नुसता दाराशी बस. तू असलास की मी उठून येणार नाही."

"येतो की अक्का! हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो. आणि तसं म्हणताना मला खरंच जायचं होतं.

त्या पहिल्या रविवारी ऑफिसचं काम निघालं. ते खरं होतं, पण दोन तासांचं होतं, मी दिवसभर पुरवलं. दुसऱ्या रविवारी माझा मावसभाऊ पुण्याहून आला. त्याला शहर दाखवायला मृणाल जाऊ शकली असती. मी गेलो. दोन्ही वेळा अक्का म्हणाल्या, "असू दे, पुढच्या रविवारी."

तिसऱ्या रविवारी काहीही नव्हतं. साडेनऊला मी गादीवर पडून फोनवर कुठले तरी व्हिडिओ बघत होतो. दहाच्या सुमाराला बाल्कनीत गेलो तर खाली, वॉचमनच्या खुर्चीशेजारच्या बाकावर अक्का बसलेल्या. इरकल नेसल्या होत्या, केसांत आबोलीचा लहानसा गजरा होता. मांडीवर कापडी पिशवी. बाकाच्या अगदी कडेला, जिन्याकडं तोंड करून बसल्या होत्या.

मला उतरून जायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तिथं उभ्यानं मेसेज लिहिला. 'अक्का, आज जरा बरं वाटत नाहीये. पुढच्या रविवारी नक्की.' आणि पाठवला. खाली त्यांनी फोन काढला, लांब धरला, चष्मा वर केला, वाचला. फोन पिशवीत ठेवला. लगेच उठल्या नाहीत. पाच-सात मिनिटं तशाच बसून राहिल्या, मग कठड्याला धरून जिना चढल्या. मी बाल्कनीतून आत आलो आणि पुन्हा फोन हातात घेतला.

का केलं मी असं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आठवडाभर दमलोय. आज विचार केला तर वेगळं वाटतं. दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींपुढं रडणार आणि मी मधे अवघडून बसणार, याची मला भीती वाटत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, जी बाई मला तीन वर्षं धीर देत आली तिलाही कुणाची गरज लागावी, हेच मला नको होतं. मला त्या दाराजवळच्या खुर्चीत, माझ्यासाठी बसलेल्या हव्या होत्या.

मृणाल म्हणाली, "तुला जमणार नसेल तर त्यांना सांग तरी. राज्यलक्ष्मी गारू जातील." मी म्हणालो, सांगतो. तेही सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी त्यांच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन उतरत होतो.

गुरुवारी ऑफिसातून परतलो तर वॉचमन म्हणाला, उमरीकर अम्मा दुपारी घाईघाईनं ऑटोतून गेल्या, दवाखान्यात. त्यांच्या बहिणीला झटका आला. अर्धांगवायूचा. अक्का एकट्याच गेल्या होत्या.

कुमुदताई वाचल्या. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि वाचा गेली. दहा-बारा दिवसांनी त्यांना घरी आणलं तेव्हा मी अक्कांबरोबर गौलीगुड्याला गेलो. या वेळी मीच दार वाजवून म्हणालो, मी येतो.  त्यांनी ऑटोत सरकून जागा केली.

दुकानावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेर बसगाड्यांचे हॉर्न. कुमुदताई पलंगावर उशांना टेकून होत्या. अक्कांसारखंच कपाळ, अक्कांसारखीच ठेंगणी चण. अक्का पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी बहिणीचा डावा हात हातात घेतला.

"कुमू," त्या म्हणाल्या, "मी सकाळी कळवू म्हणाले. दोन दिवस तेच म्हणत राहिले. माझं चुकलं."

कुमुदताईंचे ओठ हलले. 'अ... अ...' एवढंच आलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेवढंच. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी डावा हात जोरात हलवला. त्यांनी अक्कांचा हात झिडकारला की घट्ट धरायला बघितलं, ते मला दारातून कळलं नाही. मला वाटतं अक्कांनाही कळलं नाही. अकरा वर्षांनी बहीण काय म्हणाली असती, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. आणि दोन आठवड्यांपूर्वी ती बोलत होती.

त्यांची सून वैशाली चहा घेऊन आली. मला स्वयंपाकघराच्या दाराशी कप देत हलक्या आवाजात म्हणाली, "तीन रविवार आई तयार होऊन बसायच्या हो. सकाळपासून मला धिरडी घालायला लावायच्या, अक्कांना गरम लागतात म्हणून. दुपार झाली की म्हणायच्या, आता नाही यायची. कुणी तरी शेजारी बरोबर येणार होते म्हणे त्यांच्या. त्या माणसाला वेळच झाला नाही."

मी चहा प्यालो. तो माणूस मीच, हे मी तिला सांगितलं नाही. "साखर बरोबर आहे ना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "हो, छान झालाय."

परतीच्या ऑटोत मला माफी मागायची होती. चिक्कडपल्ली येईपर्यंत मी चार वेळा तोंड उघडलं. दर वेळी वाटलं, आत्ता नको, त्या थकल्यात. उद्या मागू.

अक्का मग रोज गौलीगुड्याला जायला लागल्या. सकाळी जायच्या, संध्याकाळी यायच्या. राज्यलक्ष्मी गारूंचे पडदे एकदा चार दिवस बाल्कनीत लोंबत होते, पण कुणी वर गेलं नाही. महिन्या-दीड महिन्यानं कळलं की अक्का घर सोडून बहिणीकडंच राहायला जाणार आहेत. सामान फार नव्हतं. टेम्पोत खोकी चढवायला मी होतो. गाद्या मी बांधल्या, फ्रिजला पुढून हात मी लावला. घाम पुसत मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का, गॅसचा रेग्युलेटर नीट ठेवलाय ना?"

"हौ," त्या म्हणाल्या. टेम्पो गेला.

त्यानंतर साडेतीन महिने मी गेलो नाही. चिक्कडपल्ली ते गौलीगुडा. मी रोज कामावर जायला याच्या तिप्पट लांब जातो. दर शनिवारी ठरवायचो, उद्या जायचं. मृणालनं एकदा विचारलं, आणि मग तिनं विचारणं सोडलं. तिनं सोडलं याची जास्त लाज वाटली.

शेवटी एका मंगळवारी अकरा वाजता ऑफिसात काम करता करता मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि उठलो. ठरवलं काहीच नव्हतं. मेट्रोत बसल्यावरही वाटत होतं, मंगळवारी दुपारी कुणाकडं जातात का, त्या जेवत असतील, रविवारी जाऊ. गौलीगुड्याचा तो अरुंद जिना मी तरीही चढलो.

दार उघडंच होतं. वैशाली बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. अक्का आतून आल्या. वाळल्या होत्या. चष्मा नवा होता.

"कोण, समीर? कामावर नाही गेलास?"

मी पाणी घेतलं नाही, बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्याचं बोललो असतो.

"अक्का, त्या तिसऱ्या रविवारी मी आजारी नव्हतो," मी म्हणालो. "मला काहीही झालं नव्हतं. घरीच होतो."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "बाल्कनीत दिसला होतास."

वैशालीचे हात घडीवर थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडंच बघून म्हणालो, "वेळ झाला नाही तो शेजारी मीच."  ती कपडे उचलून आत गेली.

"तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?" मी अक्कांना विचारलं.

"काय बोलू? मी एकटी येऊ शकत होते की. त्या तीन आठवड्यांत दोनदा बसस्टँडापर्यंत येऊन परत गेले. आता या खिडकीतून रोज तो स्टँड दिसायलाय." त्यांनी खिडकीकडं हात केला. "राग आला होता तुझा. अजून आहे. पण माझा स्वतःचा आहे तो मोठा आहे, त्यात तुझा कुठं शोधत बसू."

"चुकलं माझं."

"हौ, चुकलं," त्या म्हणाल्या. असू दे म्हणाल्या नाहीत. मला तेच बरं वाटलं.

आतून पलंगाच्या लाकडावर कुणी तरी हात आपटल्याचा आवाज आला. ठक ठक ठक. "आले गं," म्हणत अक्का वळल्या. मग वळता वळता मला म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी पाठ केलेलं असतं ते कधी कधी येतं बोलायला. बोलणं जमत नाही, पण ते जमतंय."

त्या आत गेल्या. मी मधल्या दारापाशी उभा राहिलो. कुमुदताई उशांना टेकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. अक्कांनी पलंगाशेजारी मांडलेल्या स्टुलावर बसकण मारली आणि शाळेतल्या पोरींसारखे दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बारा एके बारा," अक्का म्हणाल्या.

"बारा दु...णे चोवीस," कुमुदताई म्हणाल्या. आवाज जड, घोगरा, पण शब्द स्पष्ट. मी आजवर त्यांचा एकही शब्द ऐकला नव्हता.

"बारा त्रिक छत्तीस."

"बारा चोक अठ्ठेचाळीस."

दोघींचा सूर एकच होता. कुठल्या तरी बंद पडलेल्या मराठी शाळेतल्या सारवलेल्या वर्गात साठ वर्षांपूर्वी लागलेला. बारा पाचा साठ अक्कांनी म्हटलं, बारा सक बहात्तर कुमुदताईंनी. अक्का म्हणाल्या, "बारा साता..." आणि त्यांनी पुढचं बहिणीवर सोडलं.

कुमुदताई अडल्या. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. पंखा फिरत होता. खालून बस सुटल्याचा आवाज आला. उत्तर माझ्या जिभेवर होतं, मी दात आवळून धरले. अक्का हलल्या नाहीत. त्यांनी शब्द पुरवला नाही, मान डोलावली नाही, बहिणीच्या तोंडाकडंही रोखून बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मिनिट गेलं असेल, कदाचित जास्त.

"चौऱ्याऐंशी," कुमुदताई म्हणाल्या.

"हौ," अक्का म्हणाल्या. "पुढं?"

मी आवाज न करता जिना उतरायला लागलो. मधल्या वळणावर आलो तेव्हा वरून दोघींचे आवाज एकदम आले, बारा आठे शहाण्णव.